‘ताई, परत कधी येणार?’ असं तिनं विचारलं, आणि मी गेलेच नाही

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका पुण्यातल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव लातूर जिल्ह्यात, घरची कोरडवाहू शेती. सकाळी लेक्चर, दुपारी ‘कमवा व शिका’मध्ये कॉलेजच्या लायब्ररीत काम, रात्री आठच्या आत हॉस्टेल. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या जणी केक आणि वह्या घेऊन एका बालगृहात गेल्या होत्या. निघताना सहा-सात वर्षांच्या एका मुलीनं हिचा हात धरला आणि विचारलं, “ताई, परत कधी येणार?” ही म्हणाली, “पुढच्या रविवारी.” पुढच्या रविवारी अभ्यास निघाला, मग गावी जायचं होतं, आणि जाणं राहून गेलं ते राहूनच गेलं. ते तिला अजून टोचतंय. आता काहीतरी नीट करायचं तिच्या मनात आहे. एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, घ्यावं का? पण मैत्रिणी म्हणतात, तिथं नुसते झाडू मारतात, सगळं मार्कांसाठी चालतं. मैत्रिणी दर रविवारी एका वस्तीत शिकवायला जातात, तिथं जावं का? वडील फोनवर म्हणाले, “आपल्यालाच कुणीतरी हात द्यायची वेळ आहे, तू कुणाला हात द्यायला निघालीस?” पत्राच्या शेवटी ती लिहिते: “बायोडेटात काहीतरी लिहायला हवं, हेही मनात आहे. मग ही सेवा कसली?”

आधी त्या मुलीबद्दल बोलू. तिनं विचारलं नसतं तर तू हे पत्र लिहिलंच नसतंस.

बालगृहात पाहुणे पुष्कळ येतात. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, दिवाळी, पंधरा ऑगस्ट. काही रविवारी सकाळी एक केक कापला जातो आणि दुपारी दुसरा. येणारा मनापासूनच आलेला असतो, पण पुन्हा येणारे थोडे. तेव्हा तुझ्या एकटीच्या न जाण्यानं त्या पोरीचं सगळं बिघडलं असं समजून रात्री जागू नकोस. काहीच झालं नसेल, असंही मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांनी आधीच कधीतरी सोडून दिलेल्या मुलांना शब्द देणं ही साधी गोष्ट नाही, आणि ते तुझ्या ध्यानात आलंय हे तुझ्या पत्रावरून दिसतंच.

या आठवड्यात त्या बालगृहाच्या अधीक्षिकाबाईंना फोन कर. आडपडदा न ठेवता सांग, गेल्या वर्षी आले होते, एका मुलीला परत येते म्हणाले आणि आले नाही. आता मला महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी येता येईल. तुम्हाला माझा उपयोग आहे का, आणि असेल तर कशासाठी? हा शेवटचा प्रश्न गाळू नकोस. तुझ्या मनात गाणी-गोष्टी असतील आणि त्यांना पाचवीच्या मुलींचं गणित घेणारी कुणीतरी हवी असेल. किंवा देणगीत आलेल्या पुस्तकांचा ढीग पडून असेल. पुस्तकं लावून त्यांची नोंदवही करणं तुला लायब्ररीतल्या कामामुळे येतंच. त्या ‘नको’ म्हणाल्या तर तेही ऐकून घे. ती मुलगी आता तिथं नसण्याचीही शक्यता आहे. बालकल्याण समितीच्या आदेशानं मुलं घरी जातात, दुसऱ्या संस्थेत जातात. भेटलीच, तर नवा वायदा करू नकोस. महिन्याचा दुसरा रविवार एवढंच सांग, आणि परीक्षेमुळे पुढच्या महिन्यात जमणार नसेल तर ते आदल्या खेपेलाच सांगून ये.

आणि फोटो. तू लिहितेस की त्या दिवशीचे फोटो मैत्रिणींच्या स्टेटसला होते. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं ७४वं कलम सांगतं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा चित्र कुठल्याही माध्यमातून उघड करता येत नाही. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मैत्रिणींना हे शांतपणे सांग, त्यांना बहुधा माहीत नसेल. कायदा बाजूला ठेवला तरी, उद्या ती मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा आपण कुठे वाढलो हे कुणाला सांगायचं, हे तिचं तिनं ठरवायचंय.

आता बायोडेटाचं. ही ओळ तू पत्राच्या तळाशी, लाजत लाजत लिहिली आहेस. यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला खरोखर कळलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवीच्या आराखड्यातच एनएसएस आणि समाजात जाऊन करायचे प्रकल्प यांना क्रेडिट आहे. प्रात्यक्षिक कामाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सरकार आणि विद्यापीठ उघडपणे हा हिशोब मांडतायत, मग त्यातला आपला वाटा घ्यायला तू का संकोचावंस? सेवा निर्मळ मनानंच व्हावी, नाहीतर होऊच नये, हे ओझं तू कुठून आणलंस? तुझ्यासारखी मुलगी ते घेऊन बसली तर कामच सुरू होत नाही, आणि ज्याला काम हवंय तो तसाच थांबून राहतो. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. नोंदवहीत तास भरायचे आणि काम करायचंच नाही, हे काही ठिकाणी चालतं, शिक्षकांना माहीत असूनही चालतं. तिथं मात्र सही करू नकोस. केलेलं काम बायोडेटात लिहायला कुणाचीच हरकत नसते.

वडिलांचं बोलणं तुला लागलंय, पण ते रागानं बोलले नसावेत असं मला वाटतं. लेक शहरात एकटी, पैसे मोजून पाठवलेले, त्यात ही नवी भानगड. कुठल्याही बापाला आधी अभ्यास दिसणार आणि मग मुलगी कुठल्या वस्तीत, कुणाबरोबर, किती वाजता, हे दिसणार. यांची उत्तरं तुझ्याकडे तयार हवीत: वार, वेळ, जागा, जबाबदार सर किंवा मॅडम कोण आणि त्यांचा फोन नंबर. “मला समाजसेवा करायचीय” यापेक्षा “शनिवारी दोन ते चार, कॉलेजातच, मॅडम असतात” हे वाक्य घरी लवकर पटतं.

राहिलं ते “आपल्यालाच हात द्यायची वेळ” हे. इथं मला वडिलांशी थोडं भांडायचंय, पण प्रेमानं. त्यांना विचार, गावात इर्जिक कोण घालायचं? ज्याची नांगरट मागे पडलीय, ज्याच्याकडे एकच बैल आहे, त्याच्या शेतात सगळं गाव आपापली औतं घेऊन जायचं. त्यानं जेवण घालायचं, आणि पुढे कुणाचं अडलं की यानं जायचं. तिथं कुणी श्रीमंत नसायचं. मदत करणारा आणि मदत घेणारा ही दोन वेगळी माणसं असतात, हे तू शहरात येऊन शिकलीस; तुझ्या घरात तशी समजूत नव्हती. आज ‘कमवा व शिका’ तुझ्या शिक्षणाला हातभार लावतंय म्हणून तुला दुसऱ्यासाठी काही करायचा हक्क नाही, असं होत नाही. ज्या भाऊराव पाटलांचं नाव या योजनेशी जोडलेलं आहे, त्यांच्या वसतिगृहातली मुलं स्वतःच गरीब होती आणि तीच सगळी कामं करत होती.

आता एनएसएसबद्दल. हा विषय माझ्या जवळचा आहे, मी नोकरीत असताना आमच्या कॉलेजचं युनिट बरीच वर्षं माझ्याकडे होतं. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि या काळात सात दिवसांचं एक विशेष शिबिर, म्हणजे एखाद्या गावातलं हिवाळी शिबिर. तू दुसऱ्या वर्षात आहेस, आत्ता नाव घातलंस तर तिसऱ्या वर्षासकट दोन वर्षं पुरी होतात; पुढच्या वर्षावर टाकलंस तर नाही.

मैत्रिणी झाडूला नाक मुरडतात, ते मला मान्य नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या महाराष्ट्रात झाडू मारण्यात कमीपणा कसला? पण मैत्रिणींच्या बोलण्यात एक खरा मुद्दा लपलाय. दोन ऑक्टोबरला जो कोपरा झाडला, तिथं चार ऑक्टोबरला पुन्हा कचरा का पडतो, हे कुणी विचारलं का? घंटागाडी त्या गल्लीत किती वाजता येते, तेव्हा घरात कोण असतं, ओला-सुका वेगळा दिला तरी पुढे तो एकत्र होतो का, हे त्या गाडीवरच्या ताईंशी बोलून शोधलं तर झाडण्याच्या पुढचं काम सुरू होतं. काही युनिट हे करतात. काही करत नाहीत.

एनएसएस चांगलं की वाईट हे त्यामुळे तुझ्या कॉलेजातल्या कार्यक्रम अधिकाऱ्यावर, म्हणजे युनिट सांभाळणाऱ्या शिक्षकावर, ठरतं. ते ओळखायचं कसं? गेल्या वर्षीच्या दोन-तीन स्वयंसेवकांना गाठ. मूळ मार्गदर्शिकेत १२० तासांतले २० ओळख-प्रशिक्षणाला, ३० कॉलेजच्या आवारातल्या कामाला आणि ७० समाजातल्या कामाला आहेत. त्या सत्तरांतले खरोखर किती तास बाहेर गेले, ते विचार. दत्तक गाव कोणतं, आणि शिबिर संपल्यावर त्या गावात पुन्हा किती वेळा गेलात, तेही विचार. “शिबिरानंतर? नाही, मग परीक्षा होती” असं उत्तर आलं तर काय समजायचं ते तुला कळेल. शिबिरात काय केलं हे विचारताना वनराई बंधाऱ्याचं नाव निघालं तर आणखी एक प्रश्न कर: कोणत्या महिन्यात बांधला? सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडं शिवून, ओढ्यात आडव्या रचायच्या, असं हे सोपं काम आहे, पण ते पाऊस ओसरल्यावर ओढा अजून वाहता असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करायचं असतं. तेव्हा अडवलेलं पाणी रब्बीला मिळतं, आजूबाजूच्या विहिरींना उतरतं. शिबिरं मात्र कॉलेजच्या वेळापत्रकानुसार डिसेंबर-जानेवारीत पडतात. कितीतरी ओढे तोवर आटलेले असतात, आणि पन्नास मुलं तळहाताला फोड आणून कोरड्या ओढ्यात बंधारा घालतात. गावकरी काही बोलत नाहीत, पोरांच्या कष्टांचं कौतुकच करतात. ज्या अधिकाऱ्यांनी सरपंचांना आधी भेटून “तुम्हाला काय हवंय आणि कधी?” हे विचारलेलं असतं, त्यांचं शिबिर वेगळं होतं. तिथं दिवाळीच्या आधीच दोन रविवार काढून बंधारा होतो आणि जानेवारीच्या शिबिरात मुलं घरोघर जाऊन रेशनकार्डं, निराधार योजनेचे अर्ज, आजींचे आधारचे घोळ अशी कागदांची कामं करतात. तू बी.कॉम.ची आहेस, हे काम तुला उत्तम येईल.

युनिट चांगलं निघालं तर जरूर घे. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला त्याचा आणखी एक फायदा म्हणजे कॉलेजचं पत्र असतं, वॉर्डनची परवानगी मिळते, शिबिराच्या जेवणा-राहण्याचा खर्च योजनेतून होतो. युनिट नुसतं कागदी निघालं तर सोडून दे, आणि पुढचं वाच.

मी तुझ्या जागी असते तर लेखनिकाचं काम घेतलं असतं. अंध विद्यार्थी आणि ज्यांना हातानं लिहिता येत नाही असे परीक्षार्थी उत्तर तोंडी सांगतात आणि दुसरं कुणी ते लिहितं. दर परीक्षेच्या हंगामात लेखनिक मिळत नाही म्हणून मुलं हवालदिल होतात, कारण इतर सगळ्यांच्या परीक्षाही तेव्हाच असतात. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षेच्या दर तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला तू चार तास बसशील. परीक्षार्थीनं स्वतः लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, असंही २०१८च्या त्या सूचनांत होतं. काही परीक्षांत लेखनिक त्याच विषयाचा नको अशी अट असते. परीक्षेपरीक्षेचे नियम वेगळे आहेत, ते आधी लेखी विचारून घे. ऐनवेळी केंद्रावर अडवलं तर नुकसान तुझं नाही, त्या विद्यार्थ्याचं होतं.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. प्रश्न गुणांसकट पूर्ण वाचायचा, घाई करायची नाही. तो म्हणेल तेच लिहायचं. उत्तर चुकतंय हे दिसलं तरी भुवई उंचावल्याचा आवाजसुद्धा आला नाही पाहिजे, कारण श्वासावरूनही त्याला कळतं. एकदा पर्यवेक्षणाला असताना मी पाहिलंय: हिशेबाचा पेपर होता, मुलगा रकाने डोक्यात धरून सांगत होता, आणि लिहिणारीनं त्याचं एक वाक्य चांगल्या मराठीत करून लिहिलं. वाचून दाखवल्यावर तो थबकला. “मी सांगितलं तेच लिहा ना, ताई. आणि ती रक्कम जमेच्या रकान्यात घातलीत का? पुन्हा वाचा.” चूक खरंच रकान्यातही होती. त्याला पूर्ण पान तोंडपाठ होतं. आपण त्याच्यावर उपकार करतोय हा समज तिथं दहा मिनिटंही टिकत नाही, आणि म्हणून मला हे काम तुझ्यासारखीला सुचवावंसं वाटतं.

परीक्षा नसतात तेव्हा पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्याचं काम असतं. ते हॉस्टेलच्या खोलीत, मोबाइलवर, रात्री नऊनंतरही होतं. पान बदललं की पानाचा नंबर सांगायचा, तक्ता आला की आधी रकान्यांची नावं आणि मग एकेक ओळ, आकृती आली की ती शब्दांत सांगायची. दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देण्याला कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं मुभा दिलेली आहे. सुरुवात तुझ्याच कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या दिव्यांग कक्षात कर. पुण्यात निवांत अंध मुक्त विकासालय अंध विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचं काम करतं, मुंबईच्या वाचकांना १९५२पासून काम करणारी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे.

वस्तीत दर रविवारी शिकवायला जाण्याबद्दल: आत्ता नको. काम चांगलं आहे, पण तू महिन्यातून एकदा गावी जातेस, सहामाहीला परीक्षा, आणि तिथली मुलं दर रविवारी मोजून वाट पाहतात. ज्यांना वर्षभर तोच वार, तीच वेळ देता येते त्यांनी जरूर घ्यावं.

ज्यांनी असंच काही विचारलं आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. रक्तदान हे वेळ नसणाऱ्यांचं काम आहे: वय १८, वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, मुलांना तीन महिन्यांनी, मुलींना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. कॉलेजं बंद असतात म्हणून मे महिन्यात आणि दिवाळीत राज्यात रक्ताचा तुटवडा पडतो. तेव्हा सुट्टीत आपल्या गावाजवळच्या रक्तपेढीत गेलात तर अधिक उपयोगाचं. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं, तर ते बऱ्याच मुलींच्या वाट्याला येतं. खट्टू होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मे महिन्यात आठवडा मोकळा असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, म्हणजे तरुणांचं श्रमशिबिर, आहे. आणि आयुष्याचं काय करायचं हाच प्रश्न पडला असेल, तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६पासून चालवलेला तरुणांसाठीचा ‘निर्माण’ उपक्रम पाहा; तिथं निवड होते, आणि शिबिरांतून बराच विचार करावा लागतो.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा. ‘सोशल इंटर्नशिप’ म्हणून नाव नोंदवून घेतात आणि मग काम एकच निघतं, ओळखीच्यांना लिंक पाठवून ठरावीक रक्कम गोळा करा, म्हणजे प्रमाणपत्र. गावाकडच्या मुलांनी मामा-काकांकडे पाचशे-पाचशे रुपये मागितलेले मी पाहिलेत. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, हिशेब दाखवते का, आणि मी नेमकं कुणासाठी काय करणार आहे, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर परत या.

तुझ्यापुरतं सांगायचं तर एकच निवड. एनएसएसचे १२० तास म्हणजे तीस आठवडे धरले तर आठवड्याला चार तास. त्यात वर आणखी दोन कामं घेतलीस तर दिवाळीपर्यंत तिन्ही सुटतील. लेखनिकाचे आणि वाचनाचे तास एनएसएसच्या तासांत धरता येतात का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचार. समजूतदार अधिकारी धरतात. नाव घालायच्या आधी ‘कमवा व शिका’च्या समन्वयकांनाही भेट. शिबिराच्या सात दिवसांत तुझे लायब्ररीचे तास बुडतील, आणि त्या योजनेत पैसे तासांवर मिळतात. हे तास आधीच्या किंवा नंतरच्या महिन्यात भरून घेता येतील का, ते विचारून ठेव. जमत नसेल, तर त्या महिन्याच्या मेसच्या पैशांचं काय करायचं हे ठरवल्याशिवाय शिबिराला होकार देऊ नकोस. युनिटमधले निम्मेच स्वयंसेवक शिबिराला जातात आणि दोन वर्षांतून एक शिबिर पुरतं, त्यामुळे या हिवाळ्यात नाही जमलं तर पुढच्या हिवाळ्यात जा, आणि तसं कार्यक्रम अधिकाऱ्यांना आत्ताच सांगून ठेव.